उंदरांसाठी केलेली भीती

उंदराचा मला राग नाही. त्याचे दात जन्मभर वाढत राहतात आणि ते झिजवायला त्याला काही ना काही कुरतडावंच लागतं. त्यात त्याचा काय दोष? मला राग आहे तो शिकल्यासवरल्या माणसांचा, ज्यांनी उंदरासाठी भीती तयार केली आणि ती माझ्या नवऱ्याच्या छातीत भरली. मी हे सगळं शांतपणे सांगावं अशी कुणाची अपेक्षा असेल, तर त्याने खुशाल उठून जावं. मला शांतपणे सांगता येत नाही, आणि सांगायचंही नाही.

मी सुवर्णा उतेकर. हेदली गावच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळपठारावर, रस्त्याच्या ठेकेदाराच्या यार्डाच्या फाटकासमोर माझी खानावळ आहे. करंजघाटात नवा रस्ता होतोय त्याला बरीच वर्षं झाली. पावसाळ्याचे चार महिने घाटात काम करता येत नाही, दरडी कोसळतात. म्हणून त्या काळात सगळी मोठी मशीनं वर सड्यावर आणून उभी करतात. पोकलेन, रोलर, डंपर, कातळ फोडायची ड्रिलं. ओळीने उभी असतात, वरून पाऊस कोसळत असतो आणि त्यांच्याकडे बघून ठेकेदाराचा जीव खालीवर होत असतो.

माझा नवरा महेंद्र पोकलेन चालवतो. लग्नानंतर सासूबाईंसमोर मी त्याला 'अहो' म्हणायचे, पुढे जीभ कंटाळली आणि नावावर आले. आता सपाटीवरच्या गाड्या माणसाशिवाय चालतात, दिलेल्या नकाशाप्रमाणे माती उचलतात आणि टाकतात. पण घाटातल्या कातळापुढे त्यांचा संगणक गोंधळतो. कुठला दगड पक्का आणि कुठला नुसता अडकून राहिलाय ते त्याला कळत नाही. तिथे अजून माणूसच लागतो, आणि तो माणूस म्हणजे आमच्याकडे महेंद्र. एकदा त्याच्या गाडीखालची कडा सरकली होती. बघणारे ओरडत सुटले. ह्याने बकेट खाली टेकवली, तिच्यावर गाडीचा भार दिला आणि हळूहळू मागे आला. खाली उतरल्यावर काय म्हणाला, तर भूक लागली. असा माणूस. त्याला पुढे लोकांनी 'ससोबा' म्हटलं.

उंदरांचा त्रास नवा नव्हता, वाढला मात्र होता. पूर्वी वायरींवर साधं प्लास्टिक असायचं. आता त्यांचं आवरण सोयाबीन आणि मक्यापासून करतात, म्हणजे फेकून दिल्यावर ते मातीत विरघळतं. विचार चांगला आहे, पण उंदरांना ती ताटात वाढलेली शेवच झाली. शिवाय उभी गाडी म्हणजे त्यांना पाऊस न लागणारं घर. बिळाला सीटचा फोम, बाळंतपणाला एसीच्या फिल्टरची पेटी. एका वर्षी पावसाळा संपल्यावर एक डंपर उतारावर निघाला आणि त्याचे ब्रेकच लागेनात. वायर कुरतडलेली होती. ड्रायव्हरने उडी मारली म्हणून वाचला. डांबरगोळ्या झाल्या, तंबाखूची पुरचुंडी झाली, पिंजरे झाले. विष ठेवलं तर उंदीर नेमके इंजिनाच्या आत जाऊन मरायचे आणि वासाने जवळ उभं राहवत नसे.

मग 'निर्मूष' कंपनीचे डॉक्टर निनाद कारखानीस आले. औषध देणारे डॉक्टर नव्हेत, संशोधन करणारे. माझ्याच खानावळीत बसून कांदाभजी खात त्यांनी यार्डाचे मुख्य घोरपडेसाहेब आणि सगळ्या ऑपरेटरांना ते समजावून सांगितलं. माणूस बोलायला गोड, हे कबूल करायला हवं.

ते म्हणाले, उंदीर घाबरला की त्याच्या अंगातून एक वास सुटतो. आपल्याला तो वास म्हणून जाणवत नाही, पण दुसऱ्या उंदराच्या नाकात गेला की त्याला कळतं, इथे कुणाच्या तरी जिवावर बेतलंय. तो तिथे थांबत नाही. हा वास कुठल्या रसायनाचा ते शास्त्रज्ञांना कळलं होतं, पण बाटलीतलं रसायन तासाभरात उडून जायचं. म्हणून कारखानीसांनी ते बनवायचं काम यीस्टला दिलं. पाव फुगतो, माडी आंबते, ते ज्या सूक्ष्म जिवामुळे, तेच हे यीस्ट. त्याच्या पेशीत त्यांनी असा बदल केला, की साखर खायची आणि आंबण्याबरोबर भीतीचा वासही सोडायचा. हे यीस्ट एका जाळीच्या डबीत, साखरेच्या जेलीवर ठेवायचं. चार महिने ते जेली खातं, वास सोडतं, आणि जेली संपली की उपाशी मरतं. तोवर पावसाळाही संपलेला असतो. विष नाही, मेलेला उंदीर नाही, काही साफ करायला नको.

मी भजी तळता तळता विचारलं, माणसाला काही होतं का. ते हसून म्हणाले, "वहिनी, उभ्या गाडीत माणूस कुठे असतो?"

हे वाक्य लक्षात ठेवा, कारण त्याच्याइतकं मूर्ख वाक्य मी आयुष्यात ऐकलेलं नाही. हेदलीच्या कुठल्याही पोराला विचारा, पावसाळ्यात ऑपरेटर कुठे असतो. केबिनमध्ये असतो. इंजिन अधूनमधून फिरवावं लागतं, काचांना बुरशी धरू नये म्हणून एसी लावावा लागतो. बाहेर धो धो पाऊस, आणि केबिनमध्ये कोरडी, मऊ सीट. तिथेच तो जेवतो, तिथेच मोबाइलवर क्रिकेट बघतो, तिथेच दुपारचा लवंडतो. परगावचे ऑपरेटर तर चार महिने तिथेच संसार मांडतात. पण कारखानीसांच्या प्रयोगशाळेत उभी गाडी म्हणजे रिकामी गाडी. त्यांनी यार्डात येऊन पाच मिनिटं बघितलं असतं तरी पुरलं असतं.

डब्या बसल्या. एक इंजिनाजवळ, आणि एक केबिनमध्ये एसीच्या फिल्टरपाशी, कारण उंदरांची वीण तिथेच होत होती. त्या पावसाळ्यात एकही वायर तुटली नाही. घोरपडेसाहेबांनी पेढे वाटले. मीही खाल्ला.

आता पुढचं सांगते, ते आमच्या लोकांच्या वागण्याचं आहे, आणि त्यावर कुणी दात काढले तर मला खपणार नाही. कोकणात जो राखण करतो त्याला मान द्यायची रीत आहे. शेताचा न दिसणारा राखणदार असो, वाडीचा असो, वर्षाचा नारळ त्याला पोचतो. महेंद्रच्या मते ती डबी त्याच्या गाडीची राखण करत होती. खंडेनवमीला गाडी धुतली, झेंडूचे हार चढवले, आणि याने डबीलाही हळदकुंकू वाहून जाळीतून गुळाचा खडा आत सारला, वर चमचाभर पंचामृत सोडलं. सगळ्याच ऑपरेटरांनी त्या दिवशी तसं केलं. महेंद्र मात्र देवाधर्माचं नेमाने करणारा. दर शनिवारी गाडीला गूळखोबरं दाखवायचा, तसं आता डबीलाही दाखवायला लागला. उपाशी मरायचं ते यीस्ट गुळावर पोसलं गेलं. पावसाळा संपला, गाड्या घाटात गेल्या आणि डबीही बरोबर गेली. जिची पूजा केली ती काढून कचऱ्यात कोण टाकणार? आणि काढायलाच हवी, नाहीतर माणसाला बाधेल, असं कुणी सांगितलंही नव्हतं.

दिवाळीच्या आसपास महेंद्र बदलायला लागला. जेवताना दाराकडे पाठ करून बसेना. भांडं पडलं तरी दचकायचा. मी आधी थट्टा केली, म्हटलं कुणाचे पैसेबिसे बुडवलेस की काय. तो हसला नाही. मग मी चिडले. माझं असंच आहे, काळजी वाटली की मी आधी चिडते. भांडण झालं, त्यात त्याने जे सांगितलं ते मला अजून जसंच्या तसं आठवतं.

"सुवर्णा, भीती आधी येते गं. कशाची, ते मी मागून शोधत बसतो. कडा दिसली तर कडेची वाटते, घोरपडे दिसला तर घोरपडेची. काही नाही दिसलं तर माझ्या हातांचीच वाटते."

मी त्याचं डोकं चेपून दिलं.

नंतर एका सकाळी घाटात सगळ्यांसमोर ते झालं. बकेटमध्ये भला मोठा दगड उचललेला, खाली माणसं, आणि महेंद्र अर्ध्यातून गाडी सोडून उतरला. पळतसुद्धा नव्हता, रांगत होता. रस्त्याच्या आतल्या बाजूला एका कपारीत जाऊन अंग चोरून बसला. दगड तसाच हवेत. दुसऱ्या ऑपरेटरने चढून तो खाली ठेवला. घोरपडेसाहेबांनी आधी त्याची फुंकर तपासली, दारू निघाली नाही. मग त्याला शहरातल्या डॉक्टरकडे नेलं, त्याने मनाचा आजार सांगितला आणि गोळ्या दिल्या. महेंद्रला गाडीवरून काढलं आणि वळणावर लाल झेंडी हलवायला उभं केलं. ज्याच्या हाताखाली शिकून पोरं ऑपरेटर झाली, तीच पोरं आता जाता-येता हॉर्न वाजवून त्याला ससोबा म्हणायला लागली. माझ्या खानावळीत बसून, माझं कालवण ओरपत म्हणायला लागली. एकाच्या पुढ्यातलं ताट मी उचललं आणि त्याला बाहेर काढला. बाकीचे त्या दिवसापुरते गप्प बसले.

त्याची गाडी दुसऱ्याला दिली. तो थोड्याच दिवसांत आई आजारी आहे सांगून गावाला गेला, तो परत आलाच नाही. मग गाडी पुन्हा यार्डात येऊन उभी राहिली.

झेंडीवर गेल्यापासून महेंद्र हळूहळू सावरत होता. लोक म्हणाले गोळ्या लागू पडल्या. पण माझ्या स्वयंपाकघरात त्याच सुमारास उंदीर परत आले. आता तुम्ही म्हणाल, त्याचा काय संबंध? मलाही आधी लागला नाही. रव्याचं पोतं फोडलं म्हणून मी शिव्या देत होते आणि मध्येच लक्षात आलं, की गेले कित्येक महिने घरात एक उंदीर दिसला नव्हता. महेंद्र कामावरचा शर्ट चुलीमागच्या खुंटीला अडकवायचा, तेव्हापासून.

तेव्हाचा शर्ट-पँटचा एक जोड कोपऱ्यात बोचक्यात तसाच पडला होता, बिनधुतलेला. मी तो घेऊन दगडावर धुवायला बसले. लख्ख ऊन, समोर रस्ता, माणसं ये-जा करतायत. शर्ट भिजवला, वर उचलला आणि माझ्या छातीत असं काही धडधडायला लागलं, की मी तो टाकून घरात पळाले आणि दाराला कडी घातली. मग आतून स्वतःलाच विचारलं, बाई, तू कुणाला घाबरलीस? शर्टाला?

संध्याकाळ व्हायच्या आत मी यार्डात जाऊन महेंद्रच्या पोकलेनमध्ये चढले. दार लावलं, एसी सुरू केला, तेवढं मला येतं. थोडा वेळ काही नाही. मग ती आली. मनात एकच, इथून पळ. मी दातांवर दात दाबून फिल्टरची पेटी उघडली. डबीतून पांढरा फेस जाळीबाहेर येऊन पार नळीपर्यंत चढला होता. माडीसारखा आंबूस वास येत होता. हळदकुंकू अजून तसंच होतं. मी खाली उतरले आणि तिथेच चिखलात बसून रडले. भीतीने नव्हे, संतापाने. माझ्या माणसाला वेडा ठरवलं, आणि त्याच्या डोक्याजवळ बसून हे आंबत होतं.

कारखानीसांना फोन केला तर ते दुसऱ्याच दिवशी हजर झाले. मला वाटलं, चला, माणूस लाजला असेल. त्यांनी डबी बघितली, गूळ बघितला आणि हसू आवरत म्हणाले की तुम्ही तर याला खाऊ घातलंत, हे ठरल्यापेक्षा कितीतरी पट वाढलंय. पुढे माझ्याकडे चहा घेत त्यांनी सांगितलं ते मी नीट ऐकून घेतलं. नाकातून मेंदूत जाणारी वाट बाकी इंद्रियांसारखी वळसे घेत नाही. मेंदूत बदामाएवढा एक भाग आहे, भीती तिथे उठते, आणि वासाचा निरोप विचाराला न विचारता थेट तिथे पोचतो. माणसाच्या घामातही असाच भीतीचा वास असतो आणि दुसऱ्या माणसाला तो नकळत लागतो. कपड्यात अडकलेलं यीस्ट सुकलं की निजतं, आणि शर्टासारखं पाणी लागलं की जागं होऊन पुन्हा वास सोडतं. थोड्या वासाने काही होत नाही. बंद केबिनमध्ये, दिवसचे दिवस, इतक्या वासाने होणारच.

"होणारच?" मी म्हटलं. "मग आधी का नाही बघितलं?"

ते म्हणाले, वहिनी, ही रचना उभ्या गाड्यांसाठी होती. मी हातातला झारा खाली ठेवला, कारण तो हातात राहिला असता तर वेगळंच काही झालं असतं.

मग ते महेंद्रशी बोलायला बसले. किती मायेने बोलत होते, सांगते. दार लावल्यावर भीती किती वेळाने येते? लांबूनही जाणवते का? पळावंसं वाटतं की जागच्या जागी खिळल्यासारखं होतं? उघड्या हवेत कितपत टिकते? दुसऱ्या माणसाचं बोलणं कानात शिरतं का? महेंद्रने सगळं सांगितलं. इतक्या दिवसांनी कुणीतरी त्याला खोटा न ठरवता ऐकत होतं. कारखानीसांनी डबी थंड पेटीत घातली, त्याचा हात हातात घेऊन म्हणाले, तुमच्यात काही दोष नाही, मी घोरपडेसाहेबांशी बोलतो. महेंद्रचे डोळे भरून आले.

बोलले म्हणे. पण महेंद्र झेंडीवरच राहिला. घोरपडेसाहेब म्हणाले, एकदा घाबरलेल्या माणसाला कड्यावर गाडी देणं बरं नव्हे. महेंद्रलाही ते पटलं, हे माझं दुःख. दोष नसल्याचं कळूनही त्याला गाडीजवळ जायचा धीर होत नव्हता. शरीराने एकदा धसका घेतला की ते शहाण्या माणसाचंही ऐकत नाही.

उन्हाळा लागला तेव्हा गावात वेगळंच पेटलं. रस्त्याच्या नव्या आखणीत आमच्या झऱ्यावरचा कातळ फोडायचा होता. हेदलीला दुसरं पाणी नाही, सगळी वाडी त्या झऱ्यावर जगते. कातळ फुटला की झरा गेला. गावाने अर्ज केले, चकरा मारल्या, कुणी दाद दिली नाही. मग बायका यार्डाच्या फाटकात बसल्या, म्हणजे कातळ फोडायला घाटातून वर आणलेली मशीनं बाहेर पडायलाच नकोत. सगळ्यांत पुढे यशोदाकाकी, सत्तरी उलटलेली, मांडी घालून बसली की डोंगर. चहा माझ्याकडून. घोरपडेंनी पोलिस आणून पाहिले, पण इतक्या बायकांना उचलायला ते धजेनात.

बसल्याला आठवडा होत आला आणि 'निर्मूष'ची गाडी आली. दोन माणसांनी फाटकाच्या दोन्ही खांबांवर आणि कुंपणाच्या तारेला डब्या लावल्या. नेहमीच्या डबीहून मोठ्या, वर छोटा पंखा. मी विचारलं, तर म्हणाले उंदरांसाठी. भर उन्हाळ्यात, मशीनं कामावर निघालेली असताना, फाटकावर, उंदरांसाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका येऊन बसल्या. थोड्या वेळाने एकीला आठवलं की चुलीवर दूध राहिलंय. दुसरीला पोराची काळजी वाटली. मग कारण सांगायचंही कुणी थांबेना. एकेक उठत होती आणि पदर तोंडाला लावून झपाझप निघत होती. शेवटी यशोदाकाकी एकटी उरली. तीही उठली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. ती मला म्हणाली, सुवर्णा, इथला राखणदार कोपलाय, आपलं काहीतरी चुकलंय. आणि घोरपडे, ज्याने जन्मात कधी देवाला हात जोडले नव्हते, त्याने फाटकाच्या आतल्या बाजूला नारळ फोडला आणि गावकऱ्यांना सांगितलं की जागा कडक आहे, राखणदाराला खपत नाही, जपून राहा.

ते ऐकलं आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. महेंद्रने मन मोकळं करून सांगितलेला एकेक शब्द त्या माणसाने उचलून नेला होता. किती लांबून जाणवते, उघड्या हवेत टिकते का. आमच्या घरात बसून, आमचा चहा पिऊन त्याने माझ्या नवऱ्याची यातना मोजली आणि तिचा माल केला. चूक कळल्यावर माणूस शरमेल असं मला वाटलं होतं. त्याला गिऱ्हाईक सापडलं होतं.

मी वाडीत घरोघर जाऊन सांगितलं की हा राखणदार नाही, डबी आहे. बायकांनी माना डोलावल्या आणि कुणीही बाहेर पडली नाही. त्यांना तरी काय बोलू? मी स्वतः तरातरा फाटकाकडे गेले, डब्या उपटून टाकते म्हणून. खांबापासून पंधरावीस पावलांवर माझे पाय वळले. मला सगळं माहीत होतं, यीस्ट, नाक, बदाम, सगळं, आणि तरी मी माझ्याच खानावळीत येऊन टेबलाखाली वाकले होते. त्या क्षणी कारखानीस समोर असता तर मी त्याला कच्चा खाल्ला असता.

मग मी वळणावर गेले. महेंद्र झेंडी घेऊन उभा होता. मी धापा टाकत सगळं सांगितलं. त्याने झेंडी गुंडाळून दगडावर ठेवली आणि विचारलं, पाना आहे का घरी. मी म्हटलं, तू कशाला, तुला आधीच... तो म्हणाला, "बाकीच्यांना ती नवीन आहे. माझी ओळखीची आहे."

तो निघाला तसं बघायला माणसं दारांत आली. कुंपणाच्या आत ऑपरेटरही जमले, पण डब्यांचे पंखे बाहेर वारा फेकत होते, आत त्यांना काही लागत नव्हतं. त्यातलं एक पोरगं ओरडलंसुद्धा, ससोबा आला म्हणून. महेंद्र सरळ चालत होता. मी जिथून वळले होते तिथे तो थांबला. तो वाकला, ओकला, तोंड पुसलं आणि पुढे पाऊल टाकलं. नंतर त्याची पँट ओली झाली. सगळ्या गावासमोर, हॉर्न वाजवणाऱ्या त्या पोरांसमोर. त्याने खाली बघितलंही नाही. दोन्ही हात छातीशी आवळून तो त्या खांबापर्यंत गेला आणि पाना लावला. पाना दोनदा पडला. दोन्ही वेळा त्याने वाकून उचलला. तेव्हा कुणी हसत नव्हतं.

मी खानावळीतलं सगळ्यांत मोठं तपेलं चुलीवर ठेवलं आणि पाणी खळखळा उकळवलं. यीस्ट उकळत्या पाण्यात जगत नाही, हे पाव करणाऱ्या कुणालाही माहीत असतं. तो एकेक डबी घेऊन यायचा, मी ती त्याच्या हातातून घेऊन पाण्यात बुडवायचे, तो परत जायचा. प्रत्येक वेळी परत जायचा. मला त्याला धरून ठेवावंसं वाटत होतं आणि मी धरलं नाही. घोरपडे कुंपणाच्या आतून ओरडत होता की ही कंपनीची मालमत्ता आहे, तू उद्यापासून कामावर येऊ नकोस. शेवटची डबी काढताना महेंद्रने त्याला एवढंच विचारलं, "साहेब, इतका वेळ ओरडताय, तर इकडे येऊन मला धरत का नाही?"

घोरपडे आला नाही. त्याला माहीत होतं ना, इकडच्या हवेत काय आहे ते.

सड्यावर वारा असतोच. दुपार होईपर्यंत त्याने सगळं धुऊन नेलं. पहिली यशोदाकाकी आली. फाटकासमोर आपल्या जागी बसली आणि महेंद्रला हाताला धरून शेजारी बसवलं. ओली पँट, लाल डोळे, तसाच तो बसला. तिने आपल्या पदराने त्याचं तोंड पुसलं. मग बाकीच्या आल्या, एकमेकींकडे न बघता, जरा शरमून. पुरुषही आले. मी चूल विझवली आणि त्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसले.

आत त्याच्याच पोकलेनचं इंजिन सुरू झालं. आवाजावरून त्याने ओळखलं, त्याची बोटं माझ्या मनगटात रुतली. गाडी वळली आणि फाटकाच्या दिशेने यायला लागली. कुणी उठलं नाही.